पाहा, पारखा, करा : वस्तीतली बैठक कशी चालवावी

मुक्तीचं ईशज्ञान, म्हणजे लिबरेशन थिऑलॉजी, हा गरिबांच्या बाजूने उभं राहून बायबल वाचणारा ख्रिस्ती विचार. त्याचं नाव निघालं की बोलणं मार्क्सवर जातं, नाहीतर बंदूक हाती घेतलेल्या फादरांवर. लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांत ही चळवळ चालली ती बैठकांवर. दहा-पंधरा माणसं, कुणाचं तरी घर, आठवड्यातली एक संध्याकाळ आणि ठरावीक क्रमाने विचारलेले प्रश्न. ती बैठक कशी घ्यायची ते मी इथे लिहिते आहे. मी वसईची, शाळेतून निवृत्त झालेली, धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, छोट्या ख्रिस्ती समूहांचं काम बघणारी. ज्यांच्याकडे समूह आधीच आहे त्यांच्यासाठी हे आहे. ज्यांचा चर्चशी संबंध नाही पण वस्तीत काम करायचं आहे, त्यांनाही यातलं बरंच उपयोगी पडेल.

पद्धत तीन क्रियापदांची: पाहा, पारखा, करा. ती घडवली बेल्जियमच्या जोसेफ कार्डाइन या फादरांनी. ते कामगाराच्या घरचे. शाळेतले सोबती लहान वयातच कारखान्यात गेले आणि हे सेमिनरीत, फादर व्हायचं शिक्षण घ्यायला. सुट्टीत घरी आले तेव्हा ते सोबती त्यांना परकं मानू लागले होते. ही सल त्यांना कायम राहिली. १९२५ मध्ये त्यांनी तरुण ख्रिस्ती कामगारांची संघटना रीतसर उभी केली आणि पोरासोरांना शिकवलं की कारखान्यात काय घडतंय ते आधी नीट पाहा, शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूच्या जीवनाच्या आणि शिकवणीच्या, उजेडात ते पारखा, मग काहीतरी करा. पोप तेविसावे जॉन यांनी १९६१ च्या ‘मातेर एत माजिस्त्रा’ या परिपत्रकात ही रीत मान्य केली. १९६८ मध्ये कोलंबियातल्या मेदेयिन शहरात लॅटिन अमेरिकेतले बिशप जमले, तेव्हा त्यांनी आपले दस्तऐवजच या क्रमाने लिहिले: आधी परिस्थिती, मग चिंतन, मग काय करायचं.

हा क्रम सांभाळा. १९९२ मध्ये सांतो दोमिंगोच्या परिषदेत बिशपांनी तो उलटा केला, सिद्धांत आधी आणि लोकांचं जगणं नंतर. बैठका घेणाऱ्या लोकांना ते फार लागलं. २००७ मध्ये ब्राझीलच्या आपारेसिदा इथल्या परिषदेत जुना क्रम परत आला. तिथल्या मसुदा समितीचे प्रमुख होते बुएनोस आयरेसचे कार्डिनल बेर्गोल्यो, पुढचे पोप फ्रान्सिस.

आपल्याकडच्या समूहांत बहुधा ‘सात पायऱ्यां’ची पद्धत चालते. ती दक्षिण आफ्रिकेच्या लुम्को संस्थेतून आली. देवाला बोलावणं, उतारा वाचणं, शब्द निवडणं, शांतता, मनातलं सांगणं, मग सहावी पायरी कामाची आणि शेवटी प्रार्थना. पद्धत चांगली आहे, माणसं त्यातून बायबल उघडायला शिकली. पण सुरुवात उताऱ्यापासून होते, त्यामुळे सहाव्या पायरीला पोचेपर्यंत साडेआठ वाजलेले असतात आणि काम म्हणून दरवेळी एकच ठरतं: आजाऱ्याला भेटून यायचं. आजाऱ्याला जरूर भेटावं. पण त्याला सरकारी दवाखान्यात औषध का मिळालं नाही, हा प्रश्न त्या बैठकीत कधी यायचाच नाही. ब्राझीलच्या समूहांत रुजलेली ‘पाहा, पारखा, करा’ ही रीत तो प्रश्न पहिल्या पंधरा मिनिटांत आणते.

आधी कोण बसणार ते ठरवा

१९५० च्या दशकात ब्राझीलच्या बारा दो पिराई धर्मप्रांतात एका म्हातारीने बिशप आग्नेलो रोसी यांच्याकडे गाऱ्हाणं घातलं. नाताळच्या रात्री गावातली तिन्ही प्रोटेस्टंट चर्चं उजळलेली, गाणी चाललेली, आणि आमचं चर्च कुलूपबंद, कारण फादर मिळाले नाहीत. मग बिशपांनी गावोगावचे प्रापंचिक, म्हणजे फादर नसलेले साधे ख्रिस्ती, तयार केले आणि ते लोकांना जमवून प्रार्थना घेऊ लागले. पायाभूत ख्रिस्ती समूहांचा, म्हणजे तिथल्या अशा छोट्या समूहांचा, उगम सांगताना ही हकीकत हमखास येते. मला त्यातलं मोल वाटतं ते हे की फादर नसताना एकत्र बसायला लोक शिकले. म्हणून बैठक फादरांकडे देऊ नका. ते आले तर गोलात बसावं आणि सगळ्यांच्या शेवटी बोलावं. चालवणाऱ्याचं काम प्रश्न विचारणं, वेळ पाहणं आणि जास्त बोलणाऱ्याला प्रेमाने थांबवणं, एवढंच. दर दोन-तीन महिन्यांनी चालवणारा बदला.

माणसं पंधराच्या वर जाऊ देऊ नका. वीस झाली की पाच बोलतात आणि पंधरा ऐकतात.

जागा चर्चच्या हॉलपेक्षा घरातली बरी, आणि घर ज्याचा प्रश्न आहे त्याचं सगळ्यात चांगलं. साओ पाउलोचे कार्डिनल पाउलो एवारिस्तो आर्न्स यांनी १९७३ मध्ये बिशपांचा वाडा विकला आणि त्या पैशातून शहराच्या कडेच्या गरीब वस्त्यांत समूहांना बसायला जागा केल्या. आपल्याला वाडा विकायचा नाही, फक्त आपल्या ओटीवरून उठून दुसऱ्याच्या अंगणात जायचं आहे. तेही किती जड जातं ते मी पाहिलं आहे.

कारण खरी अडचण तिथे आहे. मेक्सिकोतल्या पुएब्ला इथे १९७९ मध्ये बिशपांनी ‘गरिबांना अग्रक्रम’ हा शब्द पक्का केला आणि गरीब म्हणजे कोण हे सांगताना चेहरे मोजले: मुलं, तरुण, आदिवासी, शेतकरी, कामगार, बेकार, शहराच्या कडेला पडलेले, म्हातारे. आपल्या समूहात यांतले कितीजण बसतात ते पाहा. आमच्या पट्ट्यात ख्रिस्ती कुटुंबांकडे थोडीफार वाडी असते, घरातलं कुणीतरी मुंबईत किंवा आखातात नोकरीला असतं. वाडीत मोगरा तोडायला, खुरपणीला येणाऱ्या बाया पूर्वेकडच्या पाड्यांवरून येतात, बहुतेक आदिवासी. त्या आपल्या समूहात नसतात. त्यांच्याशिवाय गरिबीवर बोलायला बसलो तर ती मालकांची बैठक होते, मग कितीही स्तोत्रं गा. ब्राझीलमध्ये ही रीत चालली ती ज्याला भूक होती तोच गोलात बसून बोलत होता म्हणून. बाकी सगळं या एका गोष्टीनंतर येतं.

त्या बाया ख्रिस्ती नसतील. मग एक गोष्ट काटेकोर पाळा: त्यांना प्रार्थनेत ओढायचं नाही, बायबल हातात द्यायचं नाही. गरजेला आलेल्या माणसाला धर्म विकणं मी पाप समजते, आणि त्याने समोरच्याचा विश्वास एकदाच जातो आणि कायमचा जातो. बैठकीचे दोन भाग करा. ‘पाहा’ आणि ‘करा’ सगळ्यांचं एकत्र. ‘पारखा’मध्ये समूह आपलं वाचतो. ज्यांना थांबायचं ते थांबतात, आणि त्यांच्याकडे आपली गोष्ट असेल तर तीही सांगतात.

पाहा

यावर अर्धा वेळ खर्च करा. दीड तासाची बैठक असेल तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं.

एका वेळी एकच घटना घ्या, आणि ज्याच्यावर ती गुजरली तो माणूस समोर हवा. ‘महागाई’, ‘भ्रष्टाचार’ असले विषय घेऊ नका, त्यावर प्रत्येकाचं मत असतं आणि मतं ऐकून कुणी काही करत नाही. उदाहरण म्हणून आमच्याकडे नेहमी येणारी घटना घेते. वाडीत कामाला येणारी एक बाई रेशन दुकानातून रिकामी परतली. मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. दुकानदार म्हणाला, उद्या या. उद्या म्हणजे तिचा आणखी एका दिवसाचा रोज बुडणार.

आता विचारा. कधी गेलीस? रोज किती बुडाला? कार्डावर नावं किती, धान्य किती यायला हवं होतं, गेल्या महिन्यात किती आलं? पावती मिळाली का? तुझ्यासारखं पाड्यावर आणखी कुणाचं झालं? उत्तरं वहीत लिहा, तिच्याच शब्दांत. कार्ड, पावती, वीजबिल, जे असेल ते मधे ठेवा आणि सगळ्यांनी हातात घेऊन बघा. माणसं कागद बघितल्यावर वेगळी बोलतात. ‘या लोकांना कळत नाही’, ‘दारू पितात’ अशी वाक्यं आली तर चालवणाऱ्याने तिथेच अडवायचं आणि विचारायचं: हे तुम्ही पाहिलं की तुम्हाला वाटतं? पाहिलं असेल तर कधी, कुठे?

या कामात एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांच्याइतका काटेकोर माणूस मला दुसरा माहीत नाही. रविवारच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, त्यांचं प्रवचन वायएसएएक्स या रेडिओवरून देशभर ऐकू जायचं. शुभवर्तमानावर बोलून झालं की ते त्या आठवड्यात काय घडलं ते सांगत: कुणाला उचललं, कुणाला मारलं, कोणत्या गावात, कोणत्या दिवशी. नावं घेऊन. त्यामागे वकिलांचं एक कार्यालय माहिती पडताळत असे, आया येऊन आपल्या मुलांबद्दल सांगत. वर्तमानपत्रं गप्प असलेल्या देशात लोक खरं काय ते ऐकायला मिस्साच्या प्रवचनाला कान लावत होते. आपल्या वहीतही तेवढीच शिस्त हवी. ऐकीव गोष्ट वेगळ्या पानावर, पडताळलेली वेगळ्या पानावर.

मग ‘का?’ विचारायला लागा. अंगठा का उमटत नाही? कामाने रेषा झिजल्या. झिजलेल्या अंगठ्याला दुसरा मार्ग नाही का? तो दुकानदाराला माहीत आहे का, आणि असला तर तो का वापरत नाही? न नेलेल्या धान्याचं काय होतं? दुकानावर देखरेख कुणाची? त्या देखरेख समितीत कोण आहे, ती शेवटची कधी भरली? पाचव्या-सहाव्या ‘का’ला बहुधा कुणालाच उत्तर येत नाही. ते न येणारं उत्तर वहीत ठळक लिहा, कारण पुढचं काम तिथून निघतं. आणि प्रत्येक ‘का’च्या जोडीला एक प्रश्न ठेवा: हे असंच चालू राहिल्याने कुणाचा फायदा?

राजकारण या पायरीवर सुरू होतं, आणि घाबरणारे इथेच घाबरतात. ब्राझीलमधल्या ओलिंदा-रेसिफेचे आर्चबिशप हेल्देर कामारा यांचं म्हणून एक वाक्य जगभर सांगतात: मी गरिबांना अन्न देतो तेव्हा मला संत म्हणतात, आणि गरिबांकडे अन्न का नाही असं विचारतो तेव्हा कम्युनिस्ट म्हणतात. त्यांच्या देशात १९६४ पासून लष्करी राजवट होती आणि पुढे काही वर्षं वर्तमानपत्रांना त्यांचं नाव छापायलाही बंदी होती.

त्याच रेसिफेचे पाउलो फ्रेरी. १९६३ मध्ये ईशान्य ब्राझीलच्या आंजिकोस गावात त्यांनी सुमारे तीनशे निरक्षर मजुरांना चाळीस तासांत वाचायला शिकवण्याचा प्रयोग केला. सुरुवात मुळाक्षरांपासून नाही, लोकांच्या जगण्यातल्या शब्दापासून. ‘तिजोलो’, म्हणजे वीट. आधी विटेचं चित्र समोर. वीट कोण भाजतो, कोण रचतो, त्या घरात कोण राहतं? बोलणं झालं की मग शब्द फोडायचा: ति, जो, लो. ब्राझीलमध्ये १९८५ पर्यंत निरक्षराला मताचा हक्क नव्हता, म्हणजे वाचायला शिकलेला प्रत्येक मजूर हा एक नवा मतदार होता. जमीनदारांना हे शिक्षकांच्या आधी कळलं असावं. लष्कराने सत्ता घेताच फ्रेरींना तुरुंगात टाकलं आणि मग ते देश सोडून गेले. मी आयुष्यभर मुलांना अक्षरं शिकवली आणि हे वाचल्यापासून पाटीवरच्या शब्दाकडे माझं लक्ष वेगळं गेलं. बैठकीतही तेच करा. रेशन कार्डावरचे शब्द, ‘प्राधान्य कुटुंब’, ‘अंत्योदय’, त्या बाईला मोठ्याने वाचून दाखवा आणि तिला त्यांचा अर्थ विचारा. ती सांगेल तो अर्थ लिहून घ्या.

पारखा

आता बायबल. घटना सांगून झाल्यावरच उघडा, आणि घटनेला भिडेल असा उतारा आधीच शोधून ठेवा. नेहमी निर्गम हे पुस्तकच काढायची सवय लागते. मिसरातून सुटका हा या ईशज्ञानाचा कणा आहे हे खरं, पण प्रत्येक अडचण म्हणजे फारोची गुलामगिरी नसते. जमिनीचा प्रश्न असेल तर पहिल्या राजेच्या एकविसाव्या अध्यायातला नाबोथाचा द्राक्षमळा वाचा. राजाला शेजारचा मळा हवा, नाबोथ म्हणतो वाडवडिलांचं वतन देणार नाही, आणि मग खोटे साक्षीदार उभे केले जातात. वसईत हा अध्याय वाचून दाखवला की समजावून सांगावं लागत नाही. कर्जाचा प्रश्न असेल तर नहेम्याचा पाचवा अध्याय. धान्यासाठी शेतं आणि घरं गहाण टाकलेले लोक ओरड करतात आणि नहेम्या सावकारांना भर सभेत बोलावून जमिनी परत करायला लावतो.

अंगठ्याच्या घटनेला मी मार्कच्या दुसऱ्या अध्यायाचा शेवट घेते. भुकेले शिष्य शब्बाथाच्या, म्हणजे काम वर्ज्य असलेल्या विश्रांतीच्या, दिवशी कणसं मोडतात, परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारे लोक, हरकत घेतात. येशू दावीदाची आठवण देतो, ज्याने भूक लागल्यावर देवघरातल्या समर्पित भाकरी खाल्ल्या, आणि म्हणतो की शब्बाथ मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नाही. मशीनचा नियम कुणासाठी झाला, हा प्रश्न मग कुणीतरी आपणहून विचारतं. तो चालवणाऱ्याने विचारायचा नाही, कितीही मोह झाला तरी. थांबायचं.

वाचन दोनदा करा, दोन वेगळ्या आवाजांत. आधी सगळ्यात कमी बोलणाऱ्याला विचारा, शिकलेल्यांना शेवटी. कार्लोस मेस्टर्स हे कार्मेलाइट संघाचे डच फादर ब्राझीलमध्ये गरीब लोकांबरोबर बायबल वाचत राहिले. त्यांचं सांगणं असं की वाचनात तीन गोष्टी एकदम हजर हव्यात: लोकांचं जगणं, एकत्र बसलेला समूह आणि उतारा. एक गळली तर बाकीच्या दोन कोरड्या पडतात. निकाराग्वातल्या मोठ्या सरोवरात सोलेन्तिनामे नावाची बेटं आहेत. तिथे एर्नेस्तो कार्देनाल या कवी-फादरांनी १९६६ मध्ये समूह वसवला. रविवारी प्रवचनाऐवजी शेतकरी आणि कोळी उताऱ्यावर बोलत आणि ते बोलणं टिपून ठेवलं जाई. मोठमोठ्या पंडितांनी ते नंतर मन लावून वाचलं. बोललेलं लिहून ठेवण्याचा हा धडा घेण्यासारखा आहे.

पारखण्यात आपणही येतो. ती बाई आपल्याच वाडीत कामाला येते. तिचा रोज काय देतो, आजारी पडली तर काय, रेशनच्या दिवशी दोन तास मोकळीक देतो का? हा प्रश्न बैठकीत टाका आणि होणारी शांतता सोसा. तो टाळून नुसत्या तहसीलदाराला दोष देणाऱ्या समूहाला मी मुक्तीच्या ईशज्ञानाचा समूह म्हणणार नाही. पेरूचे फादर गुस्ताव्हो गुतिएरेस यांनी १९७१ मध्ये या विचाराला ग्रंथरूप दिलं. लिमाच्या रिमाक या गरीब वस्तीत ते राहिले, २०२४ मध्ये वारले. ईशज्ञान ही दुसरी पायरी आहे, असं ते सांगत. पहिली पायरी देवापुढची आणि गरिबांबरोबरची बांधिलकी. पहिली नसेल तर दुसरी नुसती बडबड ठरते.

करा

काम छोटं निवडा, पुढच्या बैठकीआधी होण्यासारखं. कोण करणार, कधी, कुणाबरोबर हे तिथल्या तिथे लिहा. ‘आपण सगळे प्रयत्न करू’ हे वाक्य वहीत येऊ देऊ नका.

अंगठ्याच्या घटनेत आधी पाड्यावर फिरून अशी किती घरं आहेत त्याची यादी करा. यादी पाड्यावरच्याच दोन बायकांनी करावी, आपल्यातलं कुणी सोबत लिहायला. मग तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज, दोन प्रती, एकीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख. तोंडी आश्वासनाची किंमत शून्य. दुकानाला त्या महिन्यात किती धान्य आलं आणि किती वाटलं हे माहितीच्या अधिकारात मागा. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. कार्यालयात बोलायचं तिने. आपण मागे उभं राहायचं, साहेबांनी आपल्याकडे बघून उत्तर दिलं तर तिच्याकडे बोट करायचं. आपण फाडफाड बोलून काम करून आलो तर ते लवकर होईल, पण पुढच्या महिन्यात ती पुन्हा आपल्या दारात येईल. आणि त्या आठवड्यात तिच्या घरात दाणा नसेल तर आधी तांदूळ पोचवा. उपाशी माणसाला अर्जाची प्रत देऊन घरी पाठवू नका.

छोट्या कामातून केवढं उभं राहतं ते साओ पाउलोच्या दक्षिण भागातल्या आयांनी दाखवलं. तिथल्या धर्मग्रामांतली महिला मंडळं विणकाम-शिवणकामासाठी भरत. १९७० च्या दशकात त्या बायकांनी दुकानांतले भाव टिपायला सुरुवात केली, मजुरीशी ताडून पाहिले, सत्ताधाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यातून महागाईविरोधी चळवळ झाली आणि १९७८ मध्ये, लष्करी राजवट चालू असताना, त्यांनी सुमारे १३ लाख सह्यांचं निवेदन उभं केलं. सुरुवात डाळतांदळाच्या भावाच्या वहीपासून.

पक्ष, बिशप आणि पोलीस

काम दिसायला लागलं की तीन दारं वाजतात.

पहिलं नगरसेवकाचं. पुढच्या बैठकीला येतो, खुर्च्या देतो, असं तो म्हणेल. त्याला बोलवा, पण त्याचा फलक लावू देऊ नका आणि त्याला ‘पाहा’च्या वेळी गोलात बसवून ऐकायला लावा. समूहातल्या माणसाने पक्षात जायला हरकत नाही. ब्राझीलच्या समूहांतले कितीतरी लोक १९८० मध्ये निघालेल्या कामगार पक्षात गेले, भूमिहीनांच्या चळवळीत गेले. समूह म्हणून मात्र कुठल्याच पक्षाचं व्हायचं नाही, आणि पदावर गेलेल्याने बैठक चालवणं सोडायचं. निकाराग्वात १९७९ च्या क्रांतीनंतर कार्देनाल मंत्री झाले, आणखी काही फादरही सरकारात बसले. पोप दुसरे जॉन पॉल १९८३ मध्ये मानाग्वाच्या विमानतळावर उतरले आणि गुडघ्यावर बसलेल्या कार्देनालना त्यांनी सगळ्यांसमोर बोट दाखवून दटावलं. पुढे त्यांना फादर म्हणून काम करायला बंदी झाली, ती २०१९ मध्ये पोप फ्रान्सिसनी उठवली. मला त्या दृश्यात कार्देनालांबद्दल आदरच वाटतो. तरीही ज्या खुर्चीला प्रश्न विचारायचे तीवर आपलेच फादर बसले की गोलातले लोक गप्प होतात, हे मला खरं वाटतं. कोलंबियाच्या फादर कामिलो तोरेस यांचा मार्ग तर मी स्वीकारूच शकत नाही. ते गनिमी लढवय्यांना सामील झाले आणि फेब्रुवारी १९६६ मध्ये पहिल्याच चकमकीत मेले. गरिबांवरचं त्यांचं प्रेम खरं होतं. पण बंदूक आली की वही बंद होते.

दुसरं दार चर्चचं. कुणीतरी म्हणेल की रोमने याला बंदी केली आहे. तेव्हा नीट सांगा. १९८४ मध्ये कार्डिनल रात्सिंगर, पुढचे पोप सोळावे बेनेडिक्ट, यांच्या शिकवण तपासणाऱ्या खात्याने काढलेल्या पत्रकात मार्क्सवादी विश्लेषण न तपासता उचलण्यावर कडक टीका होती. १९८५ मध्ये याच विचाराचे ब्राझीलचे ईशज्ञानी लिओनार्दो बोफ यांना काही काळ मौन पाळायला लावलं. १९८६ मध्ये त्याच खात्याने दुसरं पत्रक काढलं, बरंच अनुकूल. आणि त्याच वर्षी दुसऱ्या जॉन पॉलनी ब्राझीलच्या बिशपांना लिहिलं की मुक्तीचं ईशज्ञान केवळ समयोचितच नव्हे, उपयुक्त आणि आवश्यक आहे. २०१८ मध्ये रोमेरो संत घोषित झाले. फादरांना दर महिन्याला वही नेऊन दाखवा. लपवाछपवी करणारा समूह लवकर मोडतो. वसईत हरित वसई या चळवळीच्या वेळी फादर फ्रान्सिस दिब्रिटो लोकांबरोबर उभे राहिले, सर्व धर्मांची माणसं त्यात होती, पाणी आणि जमीन हा त्यांचा प्रश्न होता. आपल्या घरात असलेली ही उदाहरणं सांगायला विसरू नका.

तिसऱ्या दाराबद्दल मी हलकं लिहू शकत नाही. एल साल्वादोरच्या आग्विलारेसमध्ये ऊसतोडणी मजुरांचे समूह बांधणारे फादर रुतिलियो ग्रांदे १२ मार्च १९७७ ला मिस्साला जाताना मारले गेले, बरोबर एक म्हातारा आणि एक सोळा वर्षांचा मुलगा. रोमेरोंनी सैनिकांना, देवाच्या नावाने हा छळ थांबवा, असं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी, २४ मार्च १९८० ला, मिस्सा चालू असताना त्यांना गोळी घातली. सिस्टर डोरोथी स्टँग २००५ मध्ये ब्राझीलच्या आनापूजवळ जंगलातल्या वाटेवर मारल्या गेल्या, वय ७३. झारखंडच्या आदिवासींबरोबर काम केलेले फादर स्टॅन स्वामी २०२१ मध्ये, ८४ व्या वर्षी, खटला सुरू होण्याआधीच मुंबईत कोठडीत असताना वारले. रेशनच्या अर्जाने कुणावर अशी वेळ येणार नाही, पण सावध राहा. कार्यालयात एकटं जाऊ नका. वहीची प्रत दुसऱ्या घरी ठेवा. पाड्यावरच्या बायकांची नावं व्हॉट्सअॅपवर टाकू नका, फोटो तर नाहीच. दबाव आला तर तो आधी त्यांच्यावर येतो, आपल्यावर नंतर, म्हणून किती पुढे जायचं हे त्यांनी ठरवायचं. त्या थांबू म्हणाल्या तर थांबा.

पुढची बैठक

ती पंधरा दिवसांत घ्या, महिना जाऊ देऊ नका. प्रार्थनेनंतर लगेच वही उघडायची आणि ज्याच्या नावावर काम होतं त्याने उभं राहून सांगायचं: झालं, किंवा झालं नाही आणि कशामुळे. झालं नसेल तर रागावू नका, ‘कशामुळे’ ही नवी घटना म्हणून घ्या आणि ‘पाहा’ तिथूनच सुरू करा. पुरवठा शाखेत साहेब जागेवर नव्हते, तर ते कुठल्या वारी असतात, त्यांच्या जागी कोण सही करतो? धान्य मिळालं असेल तर किती किलो मिळालं ते तिला विचारून लिहा, आणि यादीतल्या बाकी घरांपैकी कुणाला मिळालं नाही त्यांची नावं वाचून दाखवा. पुढच्या वेळी बसायचं ते त्यांच्यापैकी एकीच्या अंगणात.